साडी ठेवली, सही दिली नाही

बायांनो, चाळीच्या फळ्यावर हे मीच खडूने लिहितेय. सेक्रेटरींना आवडो न आवडो, उद्यापर्यंत कुणी पुसायचं नाही.

आज सकाळी माझा भाऊ दत्ता आला. हातात साडी-चोळी, नारळ आणि वकिलाचा कागद. यंदा वारलेल्या आमच्या वडिलांनी स्वतः उभं केलेलं ठाकूरद्वारचं मसाल्याचं दुकान त्याला विकायचंय. नव्या कायद्यानं मुलीलाही बापाच्या मालमत्तेत वाटा मिळालाय, म्हणून घेणारा माझी सही मागतोय.

"ताई, बहीण-भावांत कसली वाटणी? हक्क सोडलास की झालं," तो म्हणाला.

आवाज पार बसला होता. काल संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात "मुंबई आमची" म्हणून ओरडून आलेला.

मी म्हटलं, "दत्ता, तू मुंबईवरचा हक्क सोड. बदल्यात मी तुला धोतरजोडी देते."

आधी चिडला. मग वकिलाचा कागद घडी करून खिशात घातला. जाताना दारात थांबून म्हणाला, "नाही विकत मग. पण दुपारचं गल्ल्यावर तू बसशील?"

बसणार! उद्यापासूनच, आणि त्यानंच आणलेली साडी नेसून.

तुमच्या माहेरी काय झालं? खाली जागा सोडलीय. खडू कोनाड्यात आहे.