शनिवारी अकरानंतरचा वर्ग

देवरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीची तोंडी परीक्षा घेत होते. समोर एक मुलगी बोलत होती. तिचं ऐकून घेतलं, गुण लिहिले, मगच बाहेर आले. सरांनीही तेच केलं असतं...

कळवण तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलमध्ये सर कितीतरी वर्षं इंग्रजी शिकवत होते. पदवी मात्र इतिहासाची. ते रुजू झाले तेव्हा इंग्रजीला कुणीच नव्हतं, म्हणून तो विषय त्यांच्या गळ्यात पडला. मीही इंग्रजीच शिकवायला आलेली, पण नाशिकच्या इंग्रजी माध्यमातली. भाषा येते म्हणजे शिकवता येते, असं धरून चालले होते. मी बोलत राहायची आणि वर्ग नुसता माना डोलवायचा. एकदा सर मागच्या बाकावर येऊन बसले. तास संपल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमचं इंग्रजी लय भारी. पण पोरांना बोलायला जागाच नाय."

मला लागलं. दुसऱ्या दिवशी तेच जरा संकोचत आले. निवृत्तीला एक वर्ष उरलंय, म्हणाले. आजवर सगळं मराठीतून समजावलं, एक तास तरी पूर्ण इंग्रजीत घ्यायचाय. प्रशिक्षणं पुष्कळ झाली, पण तिथे नुसतं ऐकायचं असतं. चुकत चुकत बोलायला कुठे मिळतं?

मग शनिवारची सकाळची शाळा सुटली की सर बाकावर आणि मी फळ्यापाशी. अर्ध्या तासाने उलट. ते इंग्रजी बोलायला शिकत होते, मी गप्प राहून मुलांना बोलू द्यायला. हळूहळू शेजारच्या गावांतले शिक्षकही येऊ लागले.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात सरांनी दहावीचा तास घेतला. मी खिडकीपाशी उभी होते. ते अडखळले, थांबले, पण मराठीकडे वळले नाहीत. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारला, मग दुसरीने... बेल झाली तरी वर्ग उठेना. सर बाहेर आले. शर्टभर खडू, डोळे लाल.

"मॅडम, मला आज नोकरी लागली."

निवृत्तीनंतरही त्यांचा एकही शनिवार चुकला नाही. ते गेल्यावर मी कुणाला बोलावलं नव्हतं. तरी गेल्या शनिवारी इतके शिक्षक आले की बाकं कमी पडली. शेजारच्या वर्गातून आणखी दोन ओढून आणली, आणि आम्ही सुरुवात केली.