गुरुजींच्या तिथी आणि माझी ॲप्स

फोन हात लांब करून धरायचा, मान मागे न्यायची आणि विचारायचं, "भाऊ, यात तिथी कुठे टाकायची?" माधव नगरात आमच्या गल्लीत राहणाऱ्या गुरुजींचा हा प्रश्न ठरलेला. मी त्यांना नवं ॲप टाकून दिलं की लगेच यायचा.

उज्जैनमधल्या कितीतरी मराठी घरांची श्राद्धं तेच करत. कुणाचे वडील कोणत्या तिथीला गेले, हे गुरुजींच्या वडिलांना तोंडपाठ असे. गुरुजींचा मात्र स्वतःच्या स्मरणावर भरवसा नव्हता. "पोरं गेली पुण्या-बंगलोरला. मी विसरलो तर मेलेल्यांची याद कोण ठेवणार?"

मला नवनव्या ॲप्सचा नाद. कामं या ॲपमधून त्या ॲपमध्ये हलवण्यात माझे रविवार जातात, कामं तशीच राहतात. तुमच्यापैकी काहींना हा आजार ओळखीचा असेल. त्यात मला गुरुजींसारखं गिऱ्हाईक मिळालं.

पहिल्या ॲपमध्ये दरवर्षीची आठवण इंग्रजी तारखेनेच लागे. दुसऱ्यात काम झाल्याची खूण केली की पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडे. "श्राद्ध झालं म्हणून हा गुलाल उधळतो," गुरुजी म्हणाले. "दुसरं बघा."

शेवटी मी पंचांगाचं ॲप शोधलं. तिथी भरली की ते तारीख काढून यजमानाला निरोपही धाडी. गुरुजी खूश. पितृपक्षाच्या गडबडीत त्यांनी सगळ्या तिथी भराभर सांगितल्या, मी भरल्या.

ते पंचांग इथल्या हिंदी पद्धतीचं होतं. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात आपला कार्तिक चालू असतो, तेव्हा शेजाऱ्यांकडे मार्गशीर्ष लागलेला असतो. मी इथेच जन्मलो, महिन्यांचा हा फरक मला लहानपणापासून ठाऊक. भरताना सुचलं नाही, आणि कार्तिक वद्यातली तिथी ॲपने महिनाभर आधी, दिवाळीच्या तोंडावर काढली.

पलीकडच्या काकूंचा मुलगा बंगलोरहून सुट्टी काढून आला. काकूंना वाटलं, दिवाळीसाठी लवकर आला. तो म्हणाला, "उद्या बाबांचं श्राद्ध ना? निरोप आला होता."

काकूंनी गुरुजींना बोलावून घेतलं. "अजून माझ्या करंज्या व्हायच्यात. कार्तिक वद्य कुठून आणलीत?"

मी पुढे झालो. "काकू, चूक माझी. ॲप मी दिलं."

"तू गप रे. तुझ्याकडून कोण श्राद्ध करवून घेतं?"

गुरुजी खाली बघत म्हणाले, "बरोबर आहे. तिथी मी सांभाळायची होती."

मुलाला पुन्हा सुट्टी मिळाली नाही. खऱ्या तिथीला गुरुजी उपाशीपोटी राम घाटावर गेले आणि मुलाच्या नावाने संकल्प सोडून त्यांनीच पिंड दिले. मी तांब्या घेऊन मागे उभा होतो. त्यानंतर ॲप राहिलं, पण प्रत्येक घरी ते आधी फोन करू लागले, आणि घरातल्या बाईलाच विचारू लागले.

गेल्या पौषात गुरुजी बसल्या जागी गेले. दहाव्याला राम घाटावर बरीच यजमान मंडळी जमली. मुंडन झालेला गुरुजींचा मुलगा म्हणाला, "बाबांची तिथी कुणीतरी लिहून घ्या." सगळ्यांनी फोन काढले. कुणी पौष लिहिलं, कुणाच्या फोनने माघ दाखवला.

"पौष वद्य षष्ठी," काकू म्हणाल्या. "आपला पौष."

मग चष्मा लावून, एकेकाच्या फोनमध्ये डोकावत त्या पायरीवरून पुढे सरकल्या. माझ्यापाशी जरा जास्त वेळ थांबल्या.