हद्दीची पाटी

काल नाशिकला जायला मी आणि शेजारच्या रेशमाभाभी निघालो, तर भाभी सवयीने आधी पोलीस ठाण्यात शिरल्या. हवालदार हसले. "ताई, आता आम्हाला नाही विचारायचं. सरळ बसमध्ये बसायचं."

भाभी लग्न होऊन पाकिस्तानातून जळगावात आल्या. तेव्हापासून जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी लागायची. गेल्या महिन्यात त्या भारतीय झाल्या, पण त्यासाठी तिकडचा पासपोर्ट कायमचा सोडावा लागला. त्या दिवशी त्यांनी पेढेही वाटले आणि माहेरच्या आठवणीने रडल्याही.

मला हे नागरिकत्व बारशाच्या झबल्यासारखं आयतं मिळालं. ना अर्ज, ना शपथ. इथल्या आईबापांच्या पोटी आले, एवढंच माझं कर्तृत्व.

जिल्ह्याची हद्द संपल्याची पाटी दिसली, तसा भाभींनी माझा हात घट्ट धरला. पाटी मागे गेली. कुणी काही विचारलं नाही. भाभी खिडकीबाहेर बघत हसत होत्या.

या रस्त्याने मी कितीदा गेले असेन. ही पाटी येते तेव्हा मी नेहमी गाढ झोपलेली असते. निव्वळ जन्माच्या कृपेने इतकी निर्धास्त झोपते, हे काल जागेपणी कळलं.