हे कुणाचं पाहून केलंस?

"हे कुणाचं पाहून केलंस? खरं सांग, रागावणार नाही."

माझी फिल्म संपून धरमपेठेतल्या सभागृहात दिवे लागले आणि फिल्म क्लबच्या अध्यक्षांनी तीस-चाळीस लोकांसमोर मला हे विचारलं. कॉलेजात प्राध्यापक होते ते. मी मागे, प्रोजेक्टरजवळ उभा. खुर्च्या रिकाम्या होत्या. पण आल्या आल्या त्यांनी माझं आडनाव विचारून घेतलं होतं आणि मग म्हणाले होते, "तुला टीबी होता ना? मागे उभा राहा." मी बरा झालो होतो. खिशात डॉक्टरची चिठ्ठी होती. वाचतो कोण?

आणीबाणीच्या आधीची ही गोष्ट. मी टीबीच्या दवाखान्यात एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत मदतनीस होतो आणि तिथंच मला टीबी झाला. आठ महिने तिथल्याच खाटेवर. गावोगाव आरोग्याचे सिनेमे दाखवणारा एक ऑपरेटर ओळखीचा होता. त्यानं काळी पडलेली, वाया गेलेली फिल्म दिली. टाकून दिलेल्या इंजेक्शनच्या सुईनं मी ती खरडू लागलो. खरडलं की तिथून उजेड येतो. एका सेकंदाला चोवीस चौकटी. एक रेघ, श्वासाबरोबर फुगणारी, आटणारी. कॅमेरा नाहीच. घरचे आधी खिडकीतून बघून जात, मग तेही बंद झालं. इतका एकटा मी कधीच नव्हतो.

शेजारच्या खाटेवर कुही गावाकडचे एक मामा होते. जन्मभर धानाच्या बांधीत राबलेले.

"काय खरडून राहिला गा?"

"माहा श्वास काढून राहिलो, मामा."

"मंग माहाही काढ ना."

काढला. सोळा दिवस काढला. सतराव्या दिवशी त्यांची खाट रिकामी होती. फिल्ममध्ये दुसरी रेघ मध्येच थांबते, ती मामांची. हे मी कुणाचं पाहून केलं?

"मले कोणी शिकवलं नाही, सर," मी म्हणालो.

अध्यक्ष लोकांकडे वळून हसले. "तुमच्यात ढोल-ताशे असतात, गाणी असतात. हे असलं कुठून येणार?" लोकही हसले. मग त्यांनी मुंबईच्या एका स्पर्धेचा फॉर्म पुढे केला. दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव आधीच लिहिलेलं. माझं खाली, 'साहाय्य' म्हणून. "सही कर. नाही तरी फिल्मवर तुझं नाव कुठं आहे?"

नाव होतं. पण मी मूर्खानं ते एकाच चौकटीत कोरलं होतं. पापणी लवायच्या आत पडद्यावरून गेलं. जास्त वेळ दाखवायची मला लाज वाटली होती. स्वतःच्या नावाची लाज! ही मला कुणी लावली, ते त्या क्षणी समोर उभं होतं.

मी रीळ काढून घेतलं.

"सही नाही करत."

"रीळ ठेव इथं!" अध्यक्ष ओरडले.

"रीळ माहं आहे."

पायीच घरी आलो. माझ्यामागे कुणी आलं नाही. त्या मघाच्या हसणाऱ्यांतला एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सुई घेऊन बसलो. रिळाच्या सुरुवातीलाच एकशे वीस चौकटींत नाव कोरलं, आडनावासकट. पडद्यावर ते पूर्ण पाच सेकंद राहतं. क्लबनं मला पुन्हा बोलावलं नाही. न बोलावो. माझी फिल्म ज्याला पाहायची असेल, त्यानं आधी माझं आडनाव पाच सेकंद पाहायचं. ज्याला ते सोसत नसेल त्यानं उठून जावं, मी प्रोजेक्टर थांबवणार नाही.