अळणी भात

कामतघरच्या आमच्या वाचनालयात मैना दर पंधरवड्याला येते आणि एकाच जातीची पुस्तकं नेते: कोंडलेल्या मुलांची. कुणाला घरकामाला ठेवून डांबलेलं, कुणाला खाणीत जुंपलेलं, कुणाला परक्या मुलखात विकलेलं. मुलं सोसतात, त्यातच मोठी होतात आणि शेवटी सुटतात. पुस्तक परत करताना ती एखादं वाक्य बोलते. एकदा म्हणाली, "काका, ह्यात पोरगी ओरडते आणि कुणीतरी ऐकतं. मी ओरडले की लोक पळायचे."

पुढच्या वर्षभरात तिने उरलेलं तुकड्यातुकड्याने सांगितलं. काही भाग ती आता ज्यांच्याकडे राहते त्या राहीबाईंकडून मिळाला, काही हे जिथे घडलं त्या नारपोलीच्या गल्लीतून. तारखा मी पडताळून घेतल्या आहेत. लिहू का, असं विचारलं तेव्हा मैना म्हणाली, "लिहा. बिचारी म्हणू नका, एवढंच."

तिचं गाव वाडा गावाच्या पुढे, डोंगराला लागून. आई लहानपणीच गेली. वडील अनंता दुसऱ्यांच्या भातशेतात राबत. जून २०११ मध्ये ओळखीची एक बाई घरी आली आणि म्हणाली, पोर हुशार आहे, भिवंडीत शाळेत घालते, माझ्याजवळ राहील. मैना तेव्हा अकरा वर्षांची. नवं दप्तर पाठीला लावून ती एसटीने आली. बाईने तिला नारपोलीत मनोज नावाच्या माणसाच्या ताब्यात दिलं आणि ती परत दिसली नाही.

इमारत दुमजली होती. खाली बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, वर एकच खोली, तिला गल्लीतून लोखंडी जिना. खोलीत मोडके बीम, म्हणजे सूत गुंडाळायचे मोठे रूळ, रचून ठेवलेले आणि एक कांडी मशीन. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. मैनाने दिवसभर कांड्या भरायच्या. मनोज सकाळी सूत आणि जेवण ठेवायचा, संध्याकाळी भरलेल्या कांड्या घेऊन जायचा आणि बाहेरून कुलूप लावायचा. खिडकी विटांनी बुजवली होती. "तुझ्या बापानंच दिलंय तुला," तो सांगायचा. "खाली उतरलीस तर पोलीस उचलतील."

लूम चालू असताना त्या गल्लीत शेजारच्या माणसाशीही हातवाऱ्यांनी बोलावं लागतं. तिथे ओरडलेलं स्वतःच्याही कानाला नीट ऐकू येत नाही. पण शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. सगळ्या लूम एकदम थांबतात आणि गल्ली अशी गप्प होते की नव्या माणसाला कान बंद झाल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मनोज फिरकत नसे. मैनाने पहिल्याच शुक्रवारी दार बडवलं आणि हाका मारल्या. खाली पावलं वाजली. ती जवळ येण्याऐवजी लांब गेली. एक दार लागलं, मग दुसरं, मग तिसरं.

कारण त्या गल्लीला आधीपासून माहीत होतं की वरच्या खोलीत एक बाई आहे. कधीतरी तिने तिथे गळफास घेतला होता आणि ती शुक्रवारी बोलते. ही गोष्ट मनोजनेच पसरवली होती, हे कळायला फार उशीर झाला. तो वर सुताचा आणि कांड्यांचा साठा ठेवतो, एवढीच लोकांची समजूत होती.

समोरची चाळ गोदूबाईंची. मूळच्या इथल्याच, खाडीकाठच्या घराण्यातल्या. शब्दाला वजन असलेल्या. दर शुक्रवारी दिवे लागण्याआधी वरच्या दारात उतारा ठेवायचा, हे त्यांनीच ठरवलं होतं. पत्रावळीवर भाताची मूद, उकडलेलं अंडं, लिंबू, गुलाल. भातात मीठ घालायचं नाही. मीठ जिवंत माणसाचं. भुताला ते सोसत नाही, म्हणून त्याचा भात अळणी. ठेवणाऱ्याने बोलायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही आणि परतताना मागे वळून बघायचं नाही.

जिना चढायला कुणी तयार नसे. ते काम राहीबाईंकडे आलं. त्या चाळीत एकट्या राहायच्या, विधवा, गावाकडच्या. "माझ्या घरी कोन हाय भ्यायला," असं म्हणून त्यांनी ते पत्करलं.

दाराची खालची फळी ओलीने कुजून चार बोटं फट पडली होती. मैना त्या फटीतून हात घालून पत्रावळ आत ओढायची. शुक्रवारी तिला दुसरं जेवण नव्हतं. सुरुवातीला ती लिंबू ठेवून द्यायची. पुढे लिंबूही खाऊ लागली. रिकामी पत्रावळ बाहेर सरकवायची, कारण आत ठेवली तर मनोजला दिसली असती. सकाळी ती स्वच्छ पत्रावळ बघून गल्लीची खात्री आणखी पक्की होई.

तिने काय काय केलं, ते ती बोटांवर मोजून सांगते. "मावशी" म्हणून हाक मारली. राहीबाई पायऱ्या चुकवत खाली पळाल्या. फटीतून दोरा सोडला, तर सकाळी कुणीतरी तो काठीने उचलून जाळला. कांडीने जमिनीवर ठोकलं, तर पुढच्या शुक्रवारी दोन अंडी आली. जिवंत असल्याची प्रत्येक खूण मेल्याची खूण ठरत होती.

कारखान्यातला जॉबर दौलत, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, तेवढा थट्टा करायचा. "सगळी गल्ली शुक्रवारी सुट्टी घेते आणि ह्या बाईची ड्युटी शुक्रवारीच. हिला बदली रजा तरी द्या."

"तू हस," गोदूबाई म्हणायच्या. "जा ना मग वर, चहा देऊन ये तिला."

दौलत जिन्याकडे बघायचा आणि विडी पेटवायचा.

२०१२ च्या नवरात्रात दोन गोष्टी एका आठवड्यात घडल्या. मनोजने मैनाला सांगितलं की दसरा झाला की तिला सुरतेला न्यायचं आहे, तिथे मोठा कारखाना आहे, कपडे बांधून ठेव. दसरा बुधवारी होता. मधे एकच शुक्रवार उरला. आणि खाली गोदूबाईंची सून करिष्मा, मुलगा भाविकची बायको, हिला सातवा महिना लागला होता. बाळंतपणाच्या आधी वरच्या बाईचा बंदोबस्त झाला पाहिजे म्हणून गोदूबाईंनी हिरामण भगताला बोलावलं. तो दाराच्या चौकटीत खिळे ठोकून तिला बांधणार होता.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर. भर दुपार. लूम बंद. मैना सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा जिन्यावर खूप पावलं चढत आली आणि परत गेली नाहीत. ती दाराशी बसून राहिली. उदाचा वास आला. मग एका पुरुषाने विचारलं, "कोन हाय तू?"

ती गप्प राहिली. मनोज कधीकधी आवाज बदलून दार वाजवायचा आणि कोण आहे म्हणून विचारायचा. उत्तर दिलं की मार बसायचा.

"बोल. नाव सांग."

"मैना."

जिन्यावर कुणीतरी देवाचं नाव घेतलं. खालून करिष्मा म्हणाली, "आत्या, मी घरात जाते," आणि गोदूबाई म्हणाल्या, "थांब तिथंच. तुझ्यासाठीच चाललंय."

"कुनाची तू?"

"अनंताची."

"कवा मेलीस?"

मैनाला हा प्रश्न वेडगळ वाटला नव्हता. तिने तो मनाशी खरोखर पडताळून पाहिला. सव्वा वर्ष तिला मनोजशिवाय कुणी उत्तर दिलं नव्हतं. लोक दारात अन्न ठेवत आणि वळून न बघता जात. हाक मारली की पळत. मेलेल्यांशी असंच वागतात, हे तिला गावापासून ठाऊक होतं. आई गेली तेव्हा तिनेही पिंडाला नमस्कार करून मागे न बघता नदी सोडली होती.

"ठावं न्हाय," ती म्हणाली.

भगताने समाधानाने मान हलवली म्हणतात. "यांना ठावं नसतं," त्याने लोकांना सांगितलं, आणि हातोडी मागितली. पण रीत म्हणून एक प्रश्न उरला होता.

"काय पायजे तुला? एकदाच सांग. दिऊन टाकतो, मग इथनं हलायचं न्हाय."

मी मैनाला विचारलं की तेव्हाच का नाही सांगितलं, दार उघडा म्हणून. ती म्हणाली, "ते सत्तर शुक्रवार सांगितलं होतं, काका. सोडा म्हटलं की पळायचे. म्हणून मिळेल असं काहीतरी मागितलं."

ती म्हणाली, "मीठ."

"काय?"

"भात अळणी असतो. थोडं मीठ घाला ना."

हिरामणची हातोडी हवेतच राहिली. त्याच्या आयुष्यात कुठल्या भुताने कोंबडा मागितला होता, कुठल्या भुताने साडी. मीठ कुणी मागितलं नव्हतं. तो गोदूबाईंकडे बघू लागला. पण राहीबाई तोवर खाली उतरल्या होत्या. त्या आपल्या खोलीतून मूठ मिटून परत आल्या आणि माणसं बाजूला सारत वर चढल्या.

"राहीबाय, शिवू नको तिला," भगत म्हणाला.

"भूत मिठाला भितं," त्या म्हणाल्या. "ही मागते. सर."

त्यांनी फटीशी मूठ उघडली. आतून बोटं आली, दोऱ्याने चरे पडलेली, आणि तळहातावरचं मीठ चिमटीने उचलून घेऊन गेली. आत चाटल्याचा आवाज आला. राहीबाईंनी हात काढून घेतला नाही. थोड्या वेळाने बोटं परत आली, तेव्हा त्यांनी ती धरली.

"गरम हाय," त्या म्हणाल्या. मग मागे न बघता, "दौलत, तुझा पाना आन."

दौलतने तीन घावांत कुलूप तोडलं. दार उघडल्यावर कुणीच आत गेलं नाही. मैना उजेडाने डोळे मिटून उभी होती, बारा वर्षांची, नऊ वर्षांची वाटावी अशी. गोदूबाई जिन्याच्या मध्यावरून म्हणाल्या, "आधी पाय बघा तिचे." सगळ्यांनी पाहिले, सरळ होते. मैनानेही खाली वाकून पाहिले.

मनोज त्याच संध्याकाळी बसस्टँडवर पकडला गेला. आणणारी बाई सापडली नाही. अनंताला सांगण्यात आलं होतं की मुलगी वसतिगृहात मजेत आहे. तो दोनदा भिवंडीला येऊन तिच्या नावाचा खाऊ त्या बाईकडे देऊन गेला होता. मैना बालगृहात राहून दहावी झाली, बारावी झाली. वडील वारल्यावर ती राहीबाईंकडे आली. आज दोघी कामतघरला राहतात आणि मैना दापोड्याच्या एका गोदामात परत आलेल्या मालाची तपासणी करते. कामात चूक नसते, असं तिचे वरिष्ठ सांगतात.

इथे मी थांबलो असतो. पण तारखा लावताना एक तारीख बसेना.

गोदूबाईंनी मला सांगितलं की पहिला उतारा भाविकच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ठेवला. ते लग्न मे २०१० चं. म्हणजे पहिला उतारा नोव्हेंबर २०१० चा. मैना आली जून २०११ मध्ये. मधे सात महिने आहेत. ह्या सात महिन्यांतही शुक्रवारी वरून आवाज येत होता आणि पत्रावळ रिकामी होत होती.

मी हे राहीबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या की मैना येण्याआधीच्या उन्हाळ्यात चार शुक्रवार पत्रावळ तशीच राहिली होती, भाताला मुंग्या लागलेल्या. गोदूबाई म्हणाल्या होत्या, शांत झाली ग बाई. गल्लीने पेढे वाटले होते. "मीच ठेवत व्हते भात," राहीबाई म्हणाल्या. "तिनं काय मागितलं का, ते मी ऐकलंच न्हाय. पळत व्हते ना."

मैना शेजारीच बसली होती. तिला हे नवीन नव्हतं. बीमच्या मागे, भिंतीच्या अगदी तळाशी, कांडीच्या टोकाने कोरलेलं एक नाव तिला पहिल्याच महिन्यात सापडलं होतं: रूपा. दुसरं काही नाही. ती त्या नावाशी बोलायची. सुटल्यावर जबाब देताना तिने हे नाव लिहून घ्यायला सांगितलं. जबाब घेणाऱ्याने विचारलं, वडिलांचं नाव काय? माहीत नाही. गाव? माहीत नाही. वय? माहीत नाही. पाहिलंस तिला? नाही.

"मग मी लिहू काय, बाळ?"

"लिहा, ती जिवंत होती."

जबाबाची नक्कल मी पाहिली आहे. तिसऱ्या पानावर ते वाक्य आहे. मनोजने रूपा नावाच्या कुणालाही ओळखत नसल्याचं शेवटपर्यंत सांगितलं. मैना एका संस्थेबरोबर रूपाला शोधायला दोनदा सुरतेला जाऊन आली. तिसऱ्यांदा जाण्यासाठी तिने येत्या महिन्याची रजा मंजूर करून घेतली आहे.