मामांना घाम येत नव्हता

मी पदवीधर झालो तो शिवाप्पामामांमुळे. वडील गेल्यावर त्यांनी आईला आणि मला नांदूरघाटला आपल्या घरी आणलं, मला आधी बीडच्या शाळेत आणि मग हैदराबादच्या कॉलेजात घातलं. एवढे उपकार असूनही त्यांची आठवण आली की आधी अंगावर काटा येतो. मामांना घाम येत नसे. कधीच नाही.

वैशाखातल्या दुपारी पेठेत चिटपाखरू नसे. तेव्हा मामा आपल्या किराणा दुकानात ओला पंचा पांघरून बसलेले असत. डोक्यावर विरळ केस, भुवया नाहीत, तोंडात चार-दोन टोकदार दात. पंचातलं पाणी पायरीवर ठिबकत राही. मामा लहानपणी विहिरीत पडून मेले आणि वर आलं ते दुसरंच काही, असं गाव मानी. बायका त्यांच्या हातून गूळ घेत नसत. पदर पसरून वरून टाकायला लावत.

जगायची रीत त्यांनी जनावरांकडे बघून बसवली होती. "कुत्रं जीभ काढून धापा टाकतं, बैलाची पाठ भिजती. म्हशीला ह्यातलं कायबी धड जमत न्हाई, मून ती डबक्यात बसती. आपली जात म्हशीची." उन्हाळ्यात गावातल्यांची लघवी हळदीसारखी होते, आपली मात्र पाण्यासारखी राहते, हेही ते बिनसंकोच सांगत. "तुमचं पानी चहूकडनं जातं. माज्या घराला मोरी एकच हाय."

मी सुटीत घरी आलो होतो त्या साली पाऊस झालेला नव्हता. पाटलांनी गावच्या विहिरीवर माणशी एक घागर ठरवली. मामा घागर घेऊन रांगेत उभे राहिले.

"शिवाप्पा, वाटा जित्त्या मानसाला हाय," पाटील म्हणाले. कुणी हसलं नाही.

"पाटील, मेलेला मानूस गूळ इकतो व्हय?"

"इकतोय की. आमी घेतोय की," पाटील हळू आवाजात म्हणाले. बोलताना त्यांनी मामांकडे पाहिलं नाही.

आई आणि मी आमच्या वाट्यातलं पाणी मामांना देत होतो, पण तेवढ्यात तिघांचं पिणंही भागेना. मग मामा दुपारी गावाबाहेरच्या आटलेल्या तळ्यात जाऊन बसू लागले. तिथे मधोमध थोडा चिखल उरला होता.

एकदा मी त्यांची भाकरी घेऊन गेलो. वारा नव्हता. चिखलावर म्हशींची शिंगं दिसत होती आणि त्यांच्यामध्ये एक चिखलाचं डोकं, डोळे मिटलेलं. मी हाका मारल्या. म्हशींनी कान हलवले. ते डोकं हललं नाही. मी आत उतरून कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"गार लागतंय ना?" डोळे न उघडताच मामा म्हणाले. "मंजी जित्ता हाय. ताप लागला का समजायचं, शिवाप्पा गेला."

चिखल रोज काठाकडून वाळत येत होता. त्यातच मला परीक्षेसाठी हैदराबादला परतावं लागलं. तिथे मी माझ्या प्राध्यापकांना मामांचे दात, केस आणि घाम सांगितला. त्यांनी एक जाड पुस्तक काढून पुढ्यात ठेवलं. ते वाचून मी त्याच दिवशी मामांना पत्र धाडलं. मामा आईला घेऊन आले आणि दोघं पुढे कायम माझ्याकडेच राहिले. पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्यासारखी माणसं जगात आणखी आहेत. त्यांच्या कातडीत घामाची छिद्रं जन्मतःच नसतात, दात-केसही कमी असतात. त्यांना कुणी विहिरीतून आणलेलं नाही. तुम्हीही आजीच्या पोटीच आलात. हे आईला वाचून दाखवा. पाटलांना दाखवायची गरज नाही.

आता तिथे थांबू नका. दोघंही निघा. चिखलाच्या भरवशावर राहू नका. गाडीत पाण्याचा रांजण ठेवा, ऊन चढलं की झाडाखाली थांबा, पंचा वाळू देऊ नका.

मी खोली बदलतो आहे. नव्या खोलीच्या अंगणात नळ आहे. त्याखाली किती वेळ बसायचं ते तुम्ही ठरवा. इथे कुणी तुम्हाला ओळखत नाही, आणि जे बघून घाबरतील त्यांना सांगायला मी आहे.