बॉम्ब शेल्टरमधला लाल सेट

बाइकवाल्यांना किस्से रस्त्यावर सापडतात असा लोकांचा समज आहे. साफ चूक! बाइक कार पार्कमध्ये उभी करा, तिचे काढलेले पार्ट ऑनलाइन विकायला टाका आणि घरी बसून राहा. किस्से आपणहून मेसेज करून येतात.

परदेशात राहणाऱ्या आम्हा पाच मराठी बाइकवाल्यांचा ग्रुप दर रविवारी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी नाश्त्याला भेटतो. त्यातला केदार, पोस्टडॉक करतो, मला म्हणाला, "तुझी ही लाल बाइक पिझ्झावाल्याची वाटते रे." झालं! मी मॅट काळा सेट बसवून घेतला. कंपनीत रंगवलेला लाल सेट, म्हणजे टाकीची कव्हरं, साइड पॅनल आणि मडगार्ड, गेला बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये हल्ला झाला तर लपायला ही काँक्रीटची खोली असते. आपण तिथे तांदूळ आणि सुटकेस ठेवतो.

तीन आठवड्यांनी बाबा येणार होते. त्यांची तीस वर्षं पुण्याजवळच्या एका मोटरसायकल कारखान्यात गेली, तीही पेंट शॉपमध्ये. लाल सेट दिसला की ते विचारणार, "यात काय खोट होती?" पिझ्झावाल्याची गोष्ट त्यांना कशी सांगणार? तोवर सेट विकला गेला असता तर बाइक काळीच घेतली, अशी थाप मारता आली असती. पस्तिशीतला माणूस मी, पण खरंच घाबरलो होतो.

*

जाहिरात ऑनलाइन टाकली. पहिले नऊ जण फक्त "अव्हेलेबल?" विचारणारे. मी "येस" लिहायचो की गायब! अरे, हो म्हटल्यावर पळून जायचं होतं तर विचारलंत कशाला?

दहावा बोलला. त्याला फक्त डावं साइड पॅनल हवं होतं. तो डावीकडे पडला होता.

"आणि उजवं?" मी लिहिलं.

"राइट साइड ओके ला. यू कीप."

कीप! उजवं पॅनल काय देव्हाऱ्यात ठेवू?

*

एकाने आंग मो किओच्या एमआरटी, म्हणजे इथल्या मेट्रोच्या स्टेशनवर बोलावलं. मी ऑफिसमधून अर्धी सुट्टी काढली. अख्खा सेट बबल रॅपमध्ये गुंडाळून, तान्हं बाळ धरावं तसा मांडीवर घेऊन ट्रेनने गेलो.

गृहस्थांनी मडगार्ड उजेडात धरलं, नखाने खरवडलं आणि मान हलवली. "टू शायनी. शुअर रीपेंट."

"नो, ओरिजिनल! फॅक्टरी पेंट!"

"ओरिजिनल व्हेअर गॉट सो नाइस?"

म्हणजे रंग चांगला, म्हणून तो खोटा! माझ्या बाबांनी तीस वर्षं हे काम केलंय, हे त्याला सांगावंसं वाटलं. पण तो एव्हाना एस्कलेटरवर होता. परत येताना गर्दी होती, बाळासकट उभा राहिलो.

*

बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोमधल्या, म्हणजे पॉश सोसायटीतल्या, एका बाईंना टाकीचं एक कव्हर भिंतीवर लावायचं होतं. त्यांनी सोफ्याचा फोटो पाठवला आणि विचारलं, यातच फिकट निळा मिळेल का?

मी सभ्यपणे लिहिलं की हे मोटरसायकलवरून काढलंय, याला एकच रंग आहे.

"ओह! सो इट्स यूज्ड?"

जाहिरातीत पहिलाच शब्द तो होता!

*

बाबा यायला चार दिवस राहिले तेव्हा केदारचा फोन आला. "विकला गेला नाही ना अजून? मला दे. आपलं मॉडेल एकच आहे."

"तुला? तो पिझ्झावाल्याचा लाल?"

"नाही रे, नीट बघितलं तर वेगळी शेड आहे ती. डीप आहे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, समुद्रात टाकीन पण तुला देणार नाही! शहाण्या माणसाने दिला असता. मी फोन आपटला आणि सेटवर चादर टाकली.

*

शनिवारी बाबा आले. खाली कार पार्कमध्ये त्यांनी बाइकभोवती एक चक्कर मारली, काळ्या टाकीवरून तळहात फिरवला आणि "हं" म्हणाले. एवढंच. जेवताना रश्शाला तिखट कमी आहे म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

सोमवारी मी एमआरटीने ऑफिसला गेलो. दुपारी मीटिंगमध्ये आठवलं की एका मलेशियन माणसाला लाल सेट बघायला चार वाजता घरी बोलावलंय. घड्याळात साडेचार! बायकोला, मुग्धाला फोन लावला. ती घरूनच काम करते.

"अरे, मी कॉलवर होते," ती कुजबुजली. "तो आला, बाबांनी दार उघडलं. बाबांनी माझ्याकडून शेल्टरची किल्ली आणि तुझा पान्यांचा डबा घेतला. दोघं खाली गेलेत."

"बाबांना इंग्रजी कुठे येतं?"

"त्यालाही फारसं येत नाही. छान जमलंय त्यांचं."

मी तसाच निघालो. वाटेत त्या माणसाचा मेसेज आला: "थँक यू बॉस. ब्लॅक सेट व्हेरी नाइस. युअर फादर फिक्स फॉर मी ऑलसो."

ब्लॅक?

धावत कार पार्कमध्ये पोचलो. माझी बाइक जागेवर होती, नखशिखान्त लाल. बाबा गुडघ्यावर बसून मडगार्ड फडक्याने पुसत होते.

"बाबा, हे काय केलंत?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"विकायचं होतं ना तुला? विकलं."